मोठ्या आयटी कंपनीची मुलाखत : उत्तर येतं, पण बोलता येतं का?

आपल्या भागातली इंजिनिअरिंग झालेली पोरं आता गुगल, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांत अर्ज टाकतात. घरच्यांना वाटतं मुलाखत म्हणजे नाव-गाव आणि चार प्रश्न. तसं नसतं. तिथं समोर गणित टाकतात आणि तिथल्या तिथं प्रोग्राम लिहायला लावतात. माझा पुतण्या मागच्या वर्षी अशाच एका मुलाखतीत मागं पडला. गणित येत होतं, पण गडी पंधरा मिनिटं गप्प. मनातल्या मनातच सोडवत बसला.

गणित कसलं असतं ते आपल्या भाषेत सांगतो. सात दिवसांचे कांद्याचे क्विंटलचे भाव असे धरा : 1200, 900, 1500, 1100, 1800, 700, 1000. एकदाच घ्यायचा, नंतर एकदाच विकायचा. जास्तीत जास्त नफा किती? घाईत पोरगं 1800 मधून 700 वजा करून 1100 सांगतं. पण 700 चा भाव 1800 च्या नंतर आला! विकून झाल्यावर खरेदी कशी करणार? बरोबर उत्तर 900 : 900 ला घेतला, 1800 ला विकला.

आता खरी परीक्षा. प्रत्येक दिवसाची पुढच्या प्रत्येक दिवसाशी तुलना केली तर सात दिवसांच्या 21 जोड्या होतात. वर्षाचे 365 भाव दिले तर 66,430. त्यापेक्षा आतापर्यंतचा सगळ्यात कमी भाव लक्षात ठेवत एकदाच पुढं जायचं आणि रोज बघायचं, आज विकला तर किती सुटतात. 365 भाव एकदाच वाचून काम होतं. आधी साधी पद्धत सांगायची, ती वेळखाऊ का ते सांगायचं, मग चांगली सांगायची, आणि हे सगळं मोठ्यानं बोलत. मुलाखत घेणाऱ्याला विचार ऐकायचा असतो. अडलं तर तो इशाराही देतो, पण गप्प माणसाला काय इशारा देणार?

पुतण्या आता रोज संध्याकाळी ओट्यावर आजीला गणितं समजावतो. तिला कोडिंग कळत नाही, पण मधेच "का रं?" विचारते. त्या एका प्रश्नानं त्याची जीभ मोकळी झाली.

ॲमेझॉनमध्ये वागणुकीचे प्रश्नही बरेच असतात. चूक झाली तेव्हा काय केलंस, वगैरे. तिथं "आम्ही केलं" असं मोघम नको, स्वतः काय केलं आणि त्यातून काय निघालं ते सांगावं. शेतातला, घरातला खरा प्रसंगही चालतो, लाजू नका.

मुलाखत बहुतेक ऑनलाइन असते. लाइट आणि रेंजचा भरवसा नसेल तर त्या दिवशी तालुक्याच्या गावी कुणाकडं तरी बसा.

आणि मुलाखतीसाठी किंवा ऑफर लेटरसाठी या कंपन्या पैसे घेत नाहीत. कुणी लॅपटॉपचं डिपॉझिट मागितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 ला कळवा.