पनवेल ते शिवडी: दोन वाटांचा हिशेब

पनवेल ते सीएसएमटी 49 किलोमीटर. दोन्ही टोकांची धरून स्थानके 25. वेळ साधारण 1 तास 20 मिनिटे, म्हणजे सरासरी वेग ताशी 37 किलोमीटरच्या आसपास. हार्बर मार्गावर जलद लोकल नाही, त्यामुळे घरातून कितीही लवकर निघा, प्रत्येक स्थानक घेतच जावे लागते. जाऊन-येऊन 2 तास 40 मिनिटे फक्त गाडीत. घरापासून फलाट आणि उतरल्यावर ऑफिस हा वेळ वेगळाच. स्टेशनच्या पूर्वेला वसलेल्या नवीन पनवेलमधल्या हजारो घरांचे घड्याळ या आकड्यांवर चालते.

इतका वेळ का लागतो, ते नकाशा सांगतो. उत्तरेला पनवेलची खाडी, दक्षिणेला करंजाची खाडी, पश्चिमेला मुंबई बंदराचे पाणी. तीन बाजूंनी पाणी असलेल्या या उरणच्या भूभागाचे जमिनीकडचे टोक म्हणजे पनवेल. मुंबई समोरच आहे, पण लोकलला उत्तरेकडे वळसा घालून वाशीचा खाडीपूल गाठावा लागतो. हा रेल्वेपूल 1992 मध्ये सुरू झाला आणि हार्बर लोकल पनवेलपर्यंत यायला 1998 उजाडले. पनवेलहून निघालेली गाडी खांदेश्वर, बेलापूर, नेरूळ, वाशी, मानखुर्द, कुर्ला असे करत अठराव्या थांब्याला शिवडीला पोहोचते.

याच भूभागातून समुद्र ओलांडणारा, 12 जानेवारी 2024 रोजी सुरू झालेला अटल सेतूही शिवडीलाच उतरतो. लांबी 21.8 किलोमीटर, त्यातले सुमारे 16.5 किलोमीटर समुद्रावर. मोटारीला ताशी 100 किलोमीटरची मुभा आहे, म्हणजे पूल पंधरा मिनिटांच्या आत पार. या पुलाची कल्पना 1963 च्या वाहतूक अहवालात मांडली गेली होती. ती प्रत्यक्षात उतरायला 60 वर्षे लागली.

पूल झाला, पण अंतर कोणाचे कमी झाले? मोटारीचा सुरुवातीला ठरलेला टोल एका बाजूने 250 रुपये, परतीसह 375. महिन्याचे 24 कामाचे दिवस धरले तर नुसता टोल 9,000 रुपये. इंधन आणि मुंबईतले पार्किंग त्यावर. दुचाकी आणि रिक्षाला पुलावर प्रवेशच नाही. पहिल्या वर्षात पुलावरून सुमारे 83 लाख वाहने गेली, म्हणजे दिवसाला साडेबावीस हजारांच्या थोडी वर. अंदाज होता 50 हजारांहून जास्त वाहनांचा. आता एका वाहनात सरासरी दोन माणसे धरू. रोजची 45 हजारांच्या आसपास माणसे झाली. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये चार-साडेचार हजार माणसे सहज कोंबलेली असतात. म्हणजे या भव्य पुलाचे दिवसभराचे काम सकाळच्या दहा-अकरा लोकलएवढे आहे. पूल नको होता असे मी म्हणत नाही. तो हवाच होता. पण ज्यांच्याकडे मोटार नाही, त्यांच्यासाठी शिवडी अजूनही अठराव्या थांब्यालाच आहे.

उरणच्या माणसाची वाट वेगळी. मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला लाँच जाते. तिचे वेळापत्रक समुद्र ठरवतो. मोऱ्याला गाळ साचतो, ओहोटीला लाँच धक्क्याजवळ येऊ शकत नाही. किनाऱ्यावरचा जुना हिशेब साधा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी ओहोटी. नोकरदाराला हे सोयीचे. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पुढची ओहोटी साधारण सहा तासांनी, म्हणजे नेमकी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, लोक परतायच्या वेळी. सकाळीही तीच गत. त्यात हे दिवस उधाणाचे, त्यामुळे पाणी अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांपेक्षा जास्तच मागे जाते. पंधरवड्यातून एकदा काही दिवस हाल ठरलेले. वर्षानुवर्षे गाळ काढत राहण्याखेरीज यावर उपाय नाही आणि तो टाळला की प्रवासी अडकतात.

अटल सेतूच्याच दिवशी खारकोपर ते उरण लोकल सुरू झाली. आरंभी दिवसाला 40 फेऱ्या, म्हणजे प्रत्येक दिशेने 20. सतरा तासांत वीस गाड्या म्हणजे सरासरी पाऊण तासाहून जास्त अंतर. पनवेलकराला आणखी एक अडचण. जेएनपीए बंदराच्या कंटेनरगाड्या पनवेल-जासई मार्गाने थेट बंदरात जातात, पण माणसाने आधी बेलापूरला जायचे, तिथे गाडी बदलायची आणि मग उरणकडे यायचे. या बंदराने 2024-25 मध्ये 70 लाखांहून अधिक टीईयू (वीस फुटी कंटेनरचे माप) कंटेनर हाताळले. शेजारी नवी मुंबई विमानतळही डिसेंबर 2025 पासून सुरू आहे. रोजगार या भूभागात येत असताना पनवेलहून तिकडे थेट लोकल नसणे मला अत्यंत अन्यायाचे वाटते. ज्या गावांनी जमिनी दिल्या आणि जानेवारी 1984 मध्ये त्याच जमिनींच्या आंदोलनावरच्या पोलीस गोळीबारात पाच माणसे गमावली, त्यांचाही हाच रस्ता आहे.

नियोजनाचा पाया मात्र जुना. पनवेल महापालिका 1 ऑक्टोबर 2016 ला झाली आणि तिच्या हद्दीची लोकसंख्या अजूनही 2011 च्या जनगणनेतली 5,09,901 अशीच धरली जाते. मधल्या काळात उभ्या राहिलेल्या इमारती त्यात नाहीत.

लगेच करता येण्यासारखी गोष्ट बसची आहे. बेस्ट आणि एनएमएमटीच्या काही बस अटल सेतूवरून जातात, पण फेऱ्या मोजक्या. समजा, नवीन पनवेल, करंजाडे, उलवे या भागातून शिवडी स्थानकापर्यंत दिवसाला 200 फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक बसमध्ये 40 माणसे बसली. म्हणजे 8,000 प्रवासी. पुलावरची वाहने एका टक्क्यानेही वाढणार नाहीत, पण पूल ओलांडणारी माणसे जवळपास सहाव्या हिश्श्याने वाढतील. अंदाजाच्या निम्म्याहून कमी वाहने धावत असलेल्या सहा पदरी पुलावर या बसना जागा नाही, असे कोणालाही म्हणता येणार नाही.