ओठ आधी, आवाज नंतर

ॲनिमे पाहणाऱ्यांत दोन पंथ आहेत आणि त्यांचं आपसात अजिबात जमत नाही. सबटायटलवाल्यांच्या मते जपानी आवाज तेवढा अस्सल, बाकी सगळी भेसळ. डबवाले म्हणतात, आम्ही सिनेमा बघायला आलोय, वाचायला नाही. या भांडणाच्या तळाशी एक अशी गंमत दडलेली आहे, की ती कळल्यावर दोन्ही पंथांची पंचाईत व्हावी. जपानी ॲनिमेत आपण जो आवाज ‘मूळ’ म्हणून ऐकतो, तोही बहुतेक वेळा चित्रांवर नंतर चढवलेला असतो!

चित्रं आधी तयार होतात. मग नट स्टुडिओत येतात, समोरच्या पडद्यावर पात्राचं तोंड कधी उघडतं आणि कधी मिटतं यावर नजर ठेवतात, आणि हातातल्या संहितेची पानं वाजू न देता आपलं वाक्य नेमकं तेवढ्या वेळात बसवतात. जपानीत या पद्धतीला ‘आफुरेको’ म्हणतात. पुष्कळदा चित्रं पुरती रंगवूनही झालेली नसतात. कच्च्या रेघोट्यांकडे बघत रडायचं, किंचाळायचं, प्रेमात पडायचं. डिस्नेची परंपरा याच्या बरोबर उलट आहे. तिथे आधी आवाज ध्वनिमुद्रित होतो आणि मग एकेक उच्चार मोजून ओठ काढले जातात.

जपानी रीतीमागे काटकसर होती. 1 जानेवारी 1963 पासून ओसामू तेझुकांची ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका जपानी टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा, माणसं थोडी, पैसा त्याहून थोडा. मग चित्रांची संख्या जिथे जमेल तिथे छाटली गेली. बोलणाऱ्या पात्राचा चेहरा तसाच ठेवायचा आणि फक्त तोंड बदलायचं: मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. या तीन तोंडांवर जपानी टीव्ही-ॲनिमेचा अख्खा संसार उभा राहिला.

आता आरशासमोर उभं राहून ‘मामा’ म्हणून बघा. ओठ दोनदा मिटल्याशिवाय हा शब्द निघतच नाही. आपल्या वर्णमालेने प, फ, ब, भ, म एका ओळीत बसवले ते याच कारणाने. जिवंत माणसांचा सिनेमा डब करताना ही पाच अक्षरं फार छळतात, कारण नटाचे ओठ मिटलेले दिसतात आणि कानावर भलताच स्वर पडतो. ॲनिमेतल्या तीन तोंडांना मात्र प आणि क यांतला फरक ठाऊकच नसतो. तोंड कुठलीच भाषा बोलत नाही, म्हणून ते कुठल्याही भाषेचं होऊ शकतं. बोलणं तोंडाबरोबर सुरू झालं आणि तोंडाबरोबर थांबलं, की आपला डोळा समाधानी.

ओठांची कटकट मिटली तरी वाक्याच्या रचनेची राहतेच. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नकारही तिथेच चिकटलेला असतो. पात्राची नजर झुकते, चेहरा उतरतो, तो त्या शेवटच्या क्षणी. इंग्रजीत नकार बोलून होतो वाक्याच्या सुरुवातीलाच, आणि चेहरा उतरेपर्यंत बातमी जुनी झालेली असते. मराठी-हिंदीचं तसं नाही. ‘मी तुझ्याबरोबर येणार…’ इथवर ऐकूनही पुढे ‘आहे’ की ‘नाही’ हे आपल्याला कळत नाही, जपानी माणसालाही कळत नाही. 2023 साली माकोतो शिनकाईंचा ‘सुझुमे’ आपल्याकडे हिंदीतूनही लागला होता. असा हिंदी डब ऐकताना वाक्याच्या शेपटीकडे लक्ष ठेवून पाहण्यासारखं आहे.

पण डबमध्ये खरी उलथापालथ शब्दांत कमी आणि शब्द नसलेल्या जागांत जास्त होते. हायाओ मियाझाकींचा 1989चा ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ घ्या. तेरा वर्षांची चेटकीण किकी घर सोडून परक्या शहरात येते, सोबत जिजी नावाचं काळं मांजर. जपानीत जिजीचा आवाज रेइ साकुमा या अभिनेत्रीचा, कोवळा, थोडा घाबरट, किकीच्याच वयाचा. 1998च्या डिस्नेच्या इंग्रजी डबमध्ये तो फिल हार्टमन या विनोदवीराचा झाला. बोका एकदम प्रौढ, तिरकस, टोमणे मारणारा झाला. त्यातही मजा अशी, की ॲनिमेत पात्र पाठमोरं किंवा चौकटीबाहेर असलं की तिथे तोंडाची अडचण नसते, हवं ते घुसडता येतं. जिथे जपानी जिजी गप्प असतो तिथे हार्टमनचा जिजी बोलत सुटतो. मला तो आवडतो, हसवतो. पण तो दुसऱ्याच सिनेमातला आहे.

याचं मोल शेवटी चुकवावं लागतं. कथेच्या उत्तरार्धात किकीचा आत्मविश्वास खचतो आणि जिजीचं बोलणं तिला कळेनासं होतं. जपानी चित्रपटात तिची शक्ती परत येते, जिजी खांद्यावर चढतो आणि फक्त म्याव करतो. ती मोठी झाली, मांजर मांजरच राहिलं. 1998च्या डबमध्ये त्याच क्षणी जिजी चक्क बोलतो! एका वाक्याने मोठं होण्याची गोष्ट ‘हरवलेलं सगळं परत मिळालं’ अशी झाली. 2010च्या नव्या आवृत्तीत ते वाक्य आणि अशा पुष्कळ पदरच्या भरी काढून टाकल्या गेल्या.

याच चित्रपटात आणखी एक गोष्ट आहे आणि ती सबटायटल वाचूनही सुटते, कारण ती वाचायची नाहीच. रानात एकटी राहणारी उर्सुला ही चित्रकार किकीला धीर देते. एका रात्री दोघी बोलत पडतात: चित्र सुचेनासं झालं की काय करायचं, उडणं जमेनासं झालं की काय करायचं. जपानीत किकी आणि उर्सुला या दोघींचा आवाज एकाच अभिनेत्रीचा आहे, मिनामी ताकायामांचा. म्हणजे अंधारात एक मुलगी तिच्याच थोड्या मोठ्या झालेल्या आवाजाशी बोलते आहे. इंग्रजीत कर्स्टन डन्स्ट आणि जनीन गारोफलो या दोन वेगळ्या नट्या आहेत. दोघींचं काम चोख आहे, पण तो धागा तिथे नाही.

जिजीच्या गप्प जागा भरायला लावणारी शांततेची भीती संगीतातही दिसते. मियाझाकींच्या ‘लापुता’त, म्हणजे 1986च्या ‘कॅसल इन द स्काय’मध्ये, दोन तासांहून थोडं जास्त चालणाऱ्या चित्रपटाला संगीतकार जो हिसाइशींनी सुमारे तासभराचं संगीत दिलं होतं. डिस्नेच्या इंग्रजी आवृत्तीसाठी त्यांनीच ते वाढवून दीड तासाच्या घरात नेलं. मूळ कृतीत यंत्रांची घरघर आणि वारा यांना जागा होती. तिथे आता वाद्यवृंद आला.

काही आवाजांना तर जोडच सापडत नाही. 1997च्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’तली मोरो ही लांडग्यांची आई आणि देवता. तिचा जपानी आवाज अकिहिरो मिवा यांचा: नागासाकीच्या अणुबाँबमधून वाचलेले गायक आणि रंगमंचावर स्त्रीवेशात गाजलेले पुरुष नट. तो आवाज बाईचा वाटत नाही, पुरुषाचाही वाटत नाही, आणि देवतेचा मात्र लगेच पटतो. इंग्रजीत जिलियन अँडरसन यांनी थंड, भारदस्त आवाज लावला आहे. तरी मोरो रात्री खडकावर बसून नायक आशिताकाच्या भाबडेपणावर हसते, ते हसू मिवांच्याच गळ्यातून ऐकावं.

या सगळ्या नियमांना बगल दिली ती दिग्दर्शक इसाओ ताकाहातांनी. 1991च्या ‘ओन्ली यस्टरडे’त मोठ्या झालेल्या नायिकेच्या, ताएकोच्या, प्रसंगांसाठी त्यांनी जपानी रीत उलटी केली: आधी मिकी इमाइ आणि तोशिरो यानागिबा यांचे संवाद ध्वनिमुद्रित केले, मग चेहरे काढले. म्हणून ताएको हसली की गालांवर रेघा उमटतात, ॲनिमेत सहसा न दिसणाऱ्या. पुढे 2013च्या ‘प्रिन्सेस कागुया’त म्हाताऱ्या बांबूतोड्याचा आवाज ताकेओ चिइ यांनी आधीच देऊन ठेवला होता. 2012 साली ते गेले, आणि त्या आवाजावर चेहरा चढवण्याचं काम त्यांच्यामागे चालू राहिलं.

अशा चित्रपटांचा डब करणं किती अवघड, ते इंग्रजी ‘ओन्ली यस्टरडे’त ऐकता येतं. तो आला थेट 2016 साली, मूळ चित्रपटानंतर पंचवीस वर्षांनी. शेतकरी तोशिओचा इंग्रजी आवाज देव पटेलचा आहे. त्याच्यासमोरचं तोंड रिकामं नव्हतं. यानागिबा त्यातून आधीच बोलून गेले होते, आणि गालाची प्रत्येक रेघ त्यांच्याच हिशेबाने काढलेली होती.