जगातली अव्वल बास्केटबॉलपटू दर हिवाळ्यात रशियाला का जायची? ब्रिटनी ग्राइनरच्या अटकेमागचं पगाराचं गणित

१७ फेब्रुवारी २०२२. मॉस्कोचं शेरेमेत्येवो विमानतळ. न्यूयॉर्कहून आलेल्या एका अमेरिकन खेळाडूची बॅग कस्टमवाल्यांनी तपासायला घेतली. उंची सहा फूट नऊ इंच, त्यामुळे गर्दीतही सहज उठून दिसणारी. बॅगेत व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटसारख्या उपकरणात घालायची छोटी कार्ट्रिज सापडली. त्यात गांजाच्या अर्काचं तेल होतं. सगळं मिळून वजन एक ग्रॅमसुद्धा नाही.

तिला तिथेच ताब्यात घेतलं. आणि बरोबर आठवड्याने रशियाने युक्रेनवर हल्ला केला.

ही खेळाडू म्हणजे ब्रिटनी ग्राइनर. पुढचे दहा महिने तिचं नाव जगभरच्या बातम्यांमध्ये होतं. पुतिन, बायडन, कैद्यांची अदलाबदल, सगळ्यावर भरपूर चर्चा झाली. पण एक साधा प्रश्न मागेच राहिला. दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकलेली, अमेरिकेच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळणारी ही बाई ऐन फेब्रुवारीत रशियात करत काय होती?

उत्तर सोपं आहे. ती नोकरीवर चालली होती.

आधी ग्राइनर कोण ते बघू

ग्राइनरचा जन्म १९९० चा, टेक्सासमधल्या ह्युस्टनचा. बेलर विद्यापीठाकडून खेळताना तिने कॉलेज बास्केटबॉल गाजवलं. २०१२ मध्ये बेलरच्या मुलींनी हंगामातले चाळीसच्या चाळीस सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्या संघाचा कणा ग्राइनर होती.

२०१३ मध्ये ती डब्ल्यूएनबीएमध्ये आली. डब्ल्यूएनबीए म्हणजे अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग. १९९७ मध्ये तिचा पहिला हंगाम झाला. नवीन खेळाडूंच्या निवडीत पहिल्याच क्रमांकावर फिनिक्स मर्क्युरी या संघाने ग्राइनरला घेतलं. पदार्पणाच्या सामन्यातच तिने दोन डंक मारले. डंक म्हणजे उडी मारून चेंडू हाताने थेट रिंगमध्ये ठोकणं. महिलांच्या बास्केटबॉलमध्ये हे फार क्वचित दिसतं.

पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, फिनिक्सने विजेतेपद जिंकलं आणि ग्राइनर वर्षातली सर्वोत्तम बचावपटू ठरली. २०१५ मध्येही तो पुरस्कार तिलाच मिळाला. रिओ आणि टोकियो, दोन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्ण. थोडक्यात, तिच्या खेळात यापेक्षा वर जायला फारशी जागा नव्हती.

मग पगार किती होता?

पहिल्या हंगामात तिला लीगकडून मिळाले जेमतेम ५० हजार डॉलर. त्या वेळच्या दराने साधारण ३० लाख रुपये. हंगाम संपल्यावर ती चीनमध्ये चार महिने खेळायला गेली. तिथला करार सुमारे ६ लाख डॉलरचा असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. म्हणजे घरच्या लीगच्या बारापट.

२०१४ पासून तिने रशियाची वाट धरली. संघ होता यूएमएमसी एकातेरिनबर्ग. यूएमएमसी ही उरल भागातली खाणी आणि धातूंच्या व्यवसायातली बडी कंपनी. तिच्या मालकांनी महिला बास्केटबॉलवर पाण्यासारखा पैसा ओतला. जगातल्या उत्तम खेळाडू गोळा केल्या, त्यांना चांगली घरं दिली, प्रवासाला खास विमानं दिली. ग्राइनर संघात असताना यूएमएमसीने युरोलीग चार वेळा जिंकली. तिला तिथे एका हंगामाचे १० लाख डॉलरहून अधिक मिळत असल्याचं माध्यमांनी सांगितलं होतं. म्हणजे साडेसात कोटी रुपयांच्या पुढे.

आणि २०२२ मध्ये डब्ल्यूएनबीएतला तिचा पगार? सुमारे २ लाख २८ हजार डॉलर. म्हणजे अंदाजे पावणेदोन कोटी रुपये. लीगच्या नियमात बसणारा जवळपास कमाल पगार हाच होता.

पावणेदोन कोटी कमी आहेत का?

तुमच्या मनात हा प्रश्न आलाच असेल, आणि तो रास्त आहे. आपल्या हिशोबाने ही रक्कम मोठीच आहे.

पण तीन गोष्टी लक्षात घ्या. एक, हा आकडा लीगच्या टोकावरच्या मोजक्या खेळाडूंचा. त्याच वर्षी सर्वात कमी पगार साधारण ६० हजार डॉलर होता. अमेरिकेतल्या खर्चाच्या मानाने तो मध्यमवर्गीय नोकरीचा पगार झाला.

दोन, खेळाडूची कमाईची वर्षं मोजकी असतात. दहा-बारा वर्षं टिकली तर नशीब. एक मोठी दुखापत झाली की तीही नाहीत.

तीन, तेच काम दुसरीकडे केलं तर चार-पाच पट पैसे मिळत होते. तुम्ही नोकरी करता तिथे वर्षातले पाच महिनेच काम आहे आणि उरलेल्या महिन्यांसाठी कोणी पाचपट पगार देतोय, तर तुम्ही काय कराल? डब्ल्यूएनबीएचा हंगाम उन्हाळ्यात, परदेशी लीग हिवाळ्यात. त्यामुळे दोन्ही करता येत होतं. २०२१-२२ च्या हिवाळ्यात डब्ल्यूएनबीएच्या जवळपास निम्म्या खेळाडू परदेशात खेळत होत्या. ग्राइनर त्यातली एक.

तुलनेसाठी पुरुषांची लीग बघा. २०२२-२३ च्या हंगामात एनबीएच्या स्टीफन करीचा पगार ४ कोटी ८० लाख डॉलर होता.

लीग एवढे कमी पैसे का द्यायची?

लीगची बाजूही समजून घेऊ. एनबीए १९४६ पासून चालू आहे, तिचं प्रक्षेपण जगभर विकलं जातं. डब्ल्यूएनबीए तिच्या पन्नास वर्षं मागून आली. हंगाम लहान, प्रेक्षक कमी, टीव्हीचे करार छोटे. एनबीएचे आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी २०१८ मध्ये सांगितलं होतं की डब्ल्यूएनबीए दरवर्षी सरासरी १ कोटी डॉलरहून जास्त तोट्यात राहिली आहे.

खेळाडूंचं म्हणणं वेगळं होतं. आम्हाला करीएवढे पैसे द्या, असं त्या म्हणतच नव्हत्या. मुद्दा वाट्याचा होता. एनबीएमध्ये बास्केटबॉलमधून येणाऱ्या उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा खेळाडूंना मिळतो. डब्ल्यूएनबीएत तो १० टक्क्यांच्या आसपास धरला जायचा. आणि खेळ टीव्हीवर नीट दाखवलाच नाही, त्याची जाहिरातच केली नाही, तर प्रेक्षक येणार कुठून, असाही त्यांचा सवाल होता.

बाराही महिने खेळण्याची किंमत

रशियाचा पैसा फुकट येत नव्हता. शरीराला विश्रांतीच नसायची.

२०१५ मध्ये फिनिक्सचीच डायना टोरासी हिने डब्ल्यूएनबीएचा अख्खा हंगाम सोडला. यूएमएमसीने तिला घरी बसून विश्रांती घेण्यासाठी पैसे दिले. रशियातला तिचा पगार सुमारे १५ लाख डॉलर आणि डब्ल्यूएनबीएतला १ लाख ७ हजारांच्या आसपास. अमेरिकेतल्या लीगची सगळ्यात मोठी खेळाडू अमेरिकेत खेळू नये म्हणून रशियन कंपनी पैसे मोजते, यावरून पारडं कुठे झुकलं होतं ते कळतं.

२०१९ मध्ये ब्रिआना स्टुअर्ट रशियाच्या दिनामो कुर्स्ककडून युरोलीगची फायनल खेळत होती. समोर ग्राइनरचा एकातेरिनबर्ग संघ. त्या सामन्यात स्टुअर्टच्या टाचेची शीर तुटली. आदल्या वर्षी ती डब्ल्यूएनबीएची सर्वोत्तम खेळाडू ठरली होती. त्या वर्षी अमेरिकेतला पूर्ण हंगाम ती बाहेर बसली.

अटकेनंतर काय झालं?

फेब्रुवारी २०२२ मध्ये लीगच्या मधल्या सुट्टीत ग्राइनर घरी आली होती. ती संपवून परत जाताना अटक झाली. घाईत बॅग भरताना कार्ट्रिज चुकून राहिली, असं तिने कोर्टात सांगितलं. दुखण्यासाठी गांजाचा औषधी वापर करायला तिला अमेरिकेत ॲरिझोनातल्या डॉक्टरांनी परवानगी दिली होती. पण रशियात त्याला काहीच अर्थ नाही, तिथे गांजा औषध म्हणूनही चालत नाही. जुलैमध्ये तिने गुन्हा कबूल केला, कायदा मोडायचा हेतू नव्हता एवढंच म्हणाली.

४ ऑगस्टला निकाल लागला. नऊ वर्षांची कैद आणि १० लाख रुबल दंड. एक ग्रॅमहून कमी तेलासाठी नऊ वर्षं.

अमेरिकेने मे महिन्यातच तिला चुकीच्या पद्धतीने डांबून ठेवलेली नागरिक जाहीर केलं होतं. युद्ध सुरू असताना रशिया तिचा प्याद्यासारखा वापर करतोय, असं अमेरिकेत उघड बोललं जात होतं. त्या हंगामात डब्ल्यूएनबीएच्या बाराही संघांच्या मैदानांवर तिच्या नावाची अक्षरं आणि ४२ हा तिचा जर्सी नंबर लिहिलेला होता.

नोव्हेंबरमध्ये तिला मोर्दोविया भागातल्या कैद्यांच्या वसाहतीत हलवलं. तिथे तिला शिवणकामाच्या कारखान्यात जुंपलं, रशियन सैन्याच्या गणवेशाचं कापड कापायला. थंडीत ओले केस वाळेनात म्हणून तिने लांब जटा कापून टाकल्या.

८ डिसेंबर २०२२ ला अबुधाबीच्या विमानतळावर अदलाबदल झाली. ग्राइनरच्या बदल्यात अमेरिकेने व्हिक्टर बूट या शस्त्रांच्या दलालाला सोडलं. तो २५ वर्षांची शिक्षा भोगत होता. त्यावरून अमेरिकेत वाद पेटला. २०१८ पासून रशियात अडकलेल्या पॉल व्हेलन यांना का नाही सोडवलं, असा सवाल अनेकांनी केला. ते ऑगस्ट २०२४ मध्ये सुटले.

परतल्यावर काय बदललं?

मे २०२३ मध्ये ग्राइनर पुन्हा मैदानात उतरली. पहिल्याच सामन्यात १८ गुण. त्याआधी पत्रकार परिषदेत तिने सांगून टाकलं होतं की देशाच्या संघाकडून सोडल्यास यापुढे परदेशात खेळणार नाही. अनेक जणी परदेशात पैशासाठी जातात, हेही तिने तिथेच बोलून दाखवलं.

तिची सुटका झाली म्हणून लीग एका रात्रीत बदलली, असं मात्र नाही. विमानाचंच उदाहरण घ्या. डब्ल्यूएनबीएच्या खेळाडू तोवर साध्या प्रवासी विमानाने फिरायच्या. न्यूयॉर्क संघाच्या मालकांनी २०२१ मध्ये आपल्या खेळाडूंना खास विमान दिलं, तर बाकी संघांवर अन्याय होतो म्हणून लीगने त्यांनाच ५ लाख डॉलरचा दंड ठोकला. जून २०२३ मध्ये डॅलस विमानतळावर एका माणसाने ग्राइनरला गाठून त्रास दिला, तेव्हा खेळाडूंच्या सुरक्षेचा प्रश्न पुन्हा वर आला. सगळ्या संघांना खास विमानं द्यायचा निर्णय झाला मे २०२४ मध्ये.

दुसरीकडे परदेशाचा रस्ता अरुंद होत गेला. युद्धामुळे रशियन संघ युरोपच्या स्पर्धांमधून बाहेर फेकले गेले. शिवाय डब्ल्यूएनबीएच्या २०२० च्या करारात एक अट होती. परदेशी हंगामामुळे अनुभवी खेळाडू सराव शिबिराला उशिरा आली, तर २०२३ मध्ये दंड आणि २०२४ पासून थेट त्या हंगामातून निलंबन. म्हणजे जादा कमाईची वाट बंद होत होती, पण पगार त्या प्रमाणात वाढला नव्हता. २०२४ मध्ये केटलिन क्लार्क लीगमध्ये आली, तिच्यामुळे स्टेडियम भरू लागली. तिचा पहिल्या वर्षाचा लीगचा पगार होता ७६,५३५ डॉलर. साधारण ६४ लाख रुपये.

मग खेळाडूंनीच हालचाल केली. ब्रिआना स्टुअर्ट आणि नफीसा कॉलियर यांनी 'अनरायव्हल्ड' नावाची नवी लीग काढली. एका बाजूला तीन खेळाडू, सामने मायामीत, हंगाम जानेवारी ते मार्च. सरासरी पगार २ लाख २० हजार डॉलरच्या पुढे आणि लीगच्या मालकीत खेळाडूंनाही हिस्सा.

डब्ल्यूएनबीएचंही उत्पन्न वाढतंय. २०२४ मध्ये लीगने ११ वर्षांचा नवा टीव्ही करार केला, सुमारे २२० कोटी डॉलरचा. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये खेळाडूंच्या संघटनेने जुन्या पगार करारातून मुदतीआधीच बाहेर पडायचं ठरवलं. जुलै २०२५ च्या ऑल-स्टार सामन्याआधी सगळ्या खेळाडू एकसारखे टी-शर्ट घालून मैदानात आल्या. त्यावर लिहिलं होतं, 'आमचं जे देणं लागता, ते द्या'.

थोडक्यात काय?

ग्राइनरने चूक केली, ती तिने मान्य केली. रशियाने तिचा राजकारणासाठी वापर केला, हेही खरं. पण ती त्या विमानतळावर दर वर्षी उतरायची ती हौस म्हणून नाही. तिच्या कामाची पूर्ण किंमत तिच्या देशात मिळत नव्हती आणि दुसऱ्या देशात मिळत होती. हे गणित सगळ्यांना माहीत होतं. ते किती धोक्याचं आहे, हे एका अटकेमुळे दिसलं.

पॅरिसमध्ये २०२४ ला ग्राइनरने तिसरं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. त्याच्या महिनाभर आधी ती आई झाली. २०२५ मध्ये फिनिक्स सोडून ती अटलांटा ड्रीम संघाकडे गेली. त्याआधीचे हिवाळ्याचे महिने ती मायामीत अनरायव्हल्ड खेळत होती. व्यावसायिक कारकिर्दीतली कितीतरी वर्षं हिवाळ्यातल्या कमाईसाठी तिला देश सोडावा लागला. या वेळी ती कमाई तिला अमेरिकेतच मिळाली.