गावापासून दवाखाना किती लांब? नकाशाचं उत्तर स्क्रिप्टने कसं वाचायचं

तर झालं असं की, एका बातमीसाठी मला एका डोंगराळ तालुक्यातल्या ४२ वाड्या-पाड्यांपासून ग्रामीण रुग्णालय रस्त्याने किती लांब आहे ते काढायचं होतं. पहिल्या दिवशी मोबाईलवर एकेक नाव टाकलं आणि अंतर वहीत उतरवलं. नवव्या नावापर्यंत कंटाळा आला होता आणि दोन गावांचे आकडे एकमेकांच्या ओळीत गेले होते. म्हटलं, हे काम स्क्रिप्टला देऊया.

स्क्रिप्ट म्हणजे काही भारी सॉफ्टवेअर नाही. पायथन भाषेतल्या वीस-पंचवीस ओळी. मी मास कॉमवाली आहे, मला जमलं म्हणजे तुम्हालाही जमेल.

फोनवर आपल्याला दिसते ती निळी रेघ माणसांसाठी असते. प्रोग्रॅमना बोलता यावं म्हणून नकाशा सेवा एक वेगळी खिडकी ठेवतात, तिला एपीआय म्हणतात. तिथे ‘इथून तिथे कसं जायचं’ असं विचारलं की चित्र येत नाही, जेसॉन नावाच्या साच्यात मजकूर येतो. गुगलची अशी सेवा आहे. तिला खातं आणि की लागते, आणि मिळालेलं उत्तर साठवून ठेवण्यावर बंधनं आहेत. दुसरा पर्याय म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप, २००४ साली सुरू झालेला आणि लोकांनी मिळून बनवलेला नकाशा. त्याच्या माहितीवर रस्ता शोधून देणारं ओएसआरएम हे सॉफ्टवेअर मोफत आहे. मला आकडे तक्त्यात ठेवायचे होते, त्यामुळे मी हा दुसरा रस्ता धरला. अट एवढीच की श्रेय द्यायचं. आणि त्यांच्या चाचणी सर्व्हरला सेकंदाला एकापेक्षा जास्त प्रश्न विचारायचे नाहीत, म्हणून दर प्रश्नानंतर स्क्रिप्टला थोडं थांबायला सांगायचं.

आता उत्तर उघडून बघूया. ते डब्यात डबा असं असतं. सगळ्यात बाहेर रूट्स, म्हणजे सुचवलेले मार्ग. त्यात लेग्ज, म्हणजे दोन थांब्यांमधला टप्पा. त्याच्या आत स्टेप्स, म्हणजे एकेक वळण. अंतर मीटरमध्ये आणि वेळ सेकंदांत असते. मला फक्त पहिल्या मार्गाचं अंतर हवं होतं, त्याला १००० ने भागलं की झाले किलोमीटर.

तुम्हाला वळणांच्या सूचनाही हव्या असतील तर एक गंमत लक्षात ठेवा. गुगलच्या जुन्या डायरेक्शन्स एपीआयमध्ये सूचना साध्या मजकुरात नसते, वेब पानाच्या एचटीएमएल खुणांसकट असते. रस्त्याचं नाव ठळक करायच्या खुणा नुसत्या उडवल्या तरी चालतं. पण ‘ठिकाण उजवीकडे आहे’ यासारखी जोडसूचना वेगळ्या चौकटीत असते. तिच्या खुणा उडवल्या की ती आधीच्या शब्दाला चिकटते आणि रस्त्याचं नावच बदलल्यासारखं वाटतं. त्या जागी आधी स्वल्पविराम टाकायचा, मग खुणा काढायच्या. भाषा मराठी निवडली तर सूचना मराठीतही मिळतात.

माझी पहिली चूक मात्र याहून बाळबोध होती. आपण शाळेपासून अक्षांश आधी आणि रेखांश नंतर म्हणतो. ओएसआरएमला उलटं लागतं. पुणे ते नाशिक विचारायचं तर ७३.८५,१८.५२ आणि मग ७३.७९,१९.९९. आकडे उलटे टाकले तर पुणे जातं नॉर्वेच्या उत्तरेला, थेट समुद्रात. तरी सॉफ्टवेअर तक्रार करेलच असं नाही. ते जवळात जवळचा रस्ता शोधतं आणि तिथून मोजायला लागतं.

ही ‘जवळात जवळचा रस्ता’ भानगड माझ्या बातमीत सगळ्यात महत्त्वाची निघाली.

तक्त्यात एका पाड्यासमोर ११ किलोमीटर आले होते. वाचून वाटलं, चला, फार लांब नाही. नंतर त्याच उत्तरात वेपॉइंट्स नावाचा भाग बघितला. तुम्ही दिलेला बिंदू आणि नकाशाने प्रत्यक्षात धरलेला रस्त्यावरचा बिंदू यांच्यात किती मीटरचं अंतर आहे, ते तिथे लिहिलेलं असतं. बहुतेक गावांना तो आकडा ५०-६० मीटरच्या आत होता. या पाड्याला २१००. म्हणजे नकाशातला रस्ता पाड्यापर्यंत जातच नव्हता, आणि ते ११ किलोमीटर पाड्यापासूनचे नव्हतेच. मधली २१०० मीटर तर सरळ रेषेत मोजलेली, डोंगरातली पायवाट त्याहून लांबच असणार.

तिथल्या आशाताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “खालपर्यंत झोळी करून आणतो, मग गाडी.”

ही ओळ बघितली नसती तर ‘रुग्णालय ११ किलोमीटरवर’ असं छापून मी मोकळी झाले असते. आणि वाचणाऱ्याला तो पाडा सोयीचा वाटला असता.

मग सगळ्या ४२ ठिकाणांसाठी तो आकडा वेगळ्या रकान्यात काढला आणि ३०० मीटरच्या पुढे गेलेली ठिकाणं लाल केली. लाल झालं म्हणजे रस्ता नाहीच असं नाही हं. कधी रस्ता असतो, पण नकाशात कुणी काढलेला नसतो. कधी आपणच बिंदू शेतात ठेवलेला असतो. त्यामुळे लाल ओळ म्हणजे फोन करायची यादी, एवढंच समजायचं.

वेळेचा रकाना मी काढूनच टाकला. ओएसआरएम वेळ काढतं ती रस्त्याचा प्रकार आणि त्यावरचा ठरावीक वेग धरून. खड्डे, घाटातला एसटीच्या मागचा खोळंबा, यातलं काही त्यात नसतं. गर्भवती बाईला न्यायला ‘२४ मिनिटं’ लागतात असं त्यावरून लिहिणं मला पटेना.

पावसाळ्याचंही तसंच. फरशी पूल पाण्याखाली गेला तरी नकाशाच्या लेखी रस्ता चालूच असतो. सरपंचांशी बोलल्यावर तीन गावांचा रस्ता पुलावरून जातो हे कळलं. मग त्या तीन गावांसाठी मधे एक जादा थांबा देऊन लांबचा मार्ग पुन्हा मोजला.

शेवटच्या तक्त्यात चार रकाने राहिले: गाव, रस्त्याने अंतर, रस्त्यापर्यंतचं अंतर आणि पावसाळ्यातला शेरा. पहिले तीन स्क्रिप्टने दहा मिनिटांत भरले. चौथ्याला फोनवर आठवडा गेला, आणि पाच ठिकाणी अजून रेंज लागलेली नाही.