अनुदान मिळाले, पण ऊब कुठे आहे?

आपल्याकडे पाणी तापवायचे ते आंघोळीपुरते. बंब गेला, गीझर आला, गच्चीवर सौर बंबही आला. पण सबंध घरच तापवावे लागते, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या माणसाला सहजी उमजत नाही. ब्रिटनमध्ये स्थायिक होणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र ती पहिल्याच हिवाळ्यात कळते. तेथील दोन कोटींहून अधिक घरांत गॅसवरचा बॉयलर पाणी तापवतो आणि ते पाणी खोल्याखोल्यांतील रेडिएटरांतून फिरत राहते. कार्बन उत्सर्जन २०५० पर्यंत निव्वळ शून्यावर आणण्याचे बंधन ब्रिटनने २०१९ मध्ये कायद्याने स्वीकारले. साहजिकच हे बॉयलर बदलायचे कसे आणि कोणाच्या पैशाने, हा प्रश्न उभा राहिला.

सरकारची भिस्त आहे ती 'हीट पंप' या यंत्रावर. एका अर्थाने हा उलटा बसवलेला फ्रिजच. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, तर हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता शोषून घरात आणतो. बाहेर कडाक्याची थंडी असली तरी त्या हवेत थोडीफार उष्णता असतेच. ती निर्माण करायची नसून नुसती वाहून आणायची असल्यामुळे एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते.

या बदलासाठी इंग्लंड व वेल्समध्ये २०२२ मध्ये अनुदान योजना सुरू झाली. प्रारंभी रक्कम पाच हजार पौंड होती; ऑक्टोबर २०२३ मध्ये ती साडेसात हजार करण्यात आली. घरमालकाला स्वतः कचेरीचे खेटे घालावे लागत नाहीत. यंत्र बसवणारा प्रमाणित व्यावसायिक 'ऑफजेम' या नियामकाकडे अर्ज करतो आणि अनुदानाची रक्कम बिलातूनच वजा करतो. सरकारी योजनेत इतका सुटसुटीतपणा विरळाच म्हणायचा.

मग अडते कोठे? पहिली अडचण दरांची. ब्रिटनमध्ये गेली काही वर्षे एका युनिट विजेचा दर गॅसच्या सुमारे चौपट राहिला आहे. यंत्र उष्णता देते तिप्पट आणि वीज महाग चौपट! म्हणजे अनुदान घेऊनही मासिक बिल कमी होईलच, याची खात्री नाही. दुसरी अडचण घरांची. हीट पंपाचे पाणी बॉयलरइतके कढत नसते. त्यामुळे रेडिएटर मोठे लागतात आणि भिंतींनी, छताने ऊब धरून ठेवावी लागते. इंग्लंडमधील सुमारे एक-पंचमांश घरे १९१९ पूर्वीची आहेत. त्यांच्या भरीव विटांच्या भिंतींतून उष्णता पाझरत राहते.

भिंतींवर उष्णतारोधक आवरण चढवण्यासाठीही अनुदाने निघाली. त्यांचा इतिहास मात्र उत्साहवर्धक नाही. सप्टेंबर २०२० मध्ये 'ग्रीन होम्स ग्रँट' ही दीड अब्ज पौंडांची योजना मोठ्या गाजावाजाने सुरू झाली. सहा लाख घरे सुधारण्याचे तिचे उद्दिष्ट होते. मार्च २०२१ मध्ये ती गुंडाळण्यात आली, तेव्हा जेमतेम ४७,५०० घरांपर्यंत ती पोहोचेल असा अंदाज होता. अवघ्या सहा महिन्यांच्या योजनेवर विसंबून कोणता व्यावसायिक माणसे नेमून त्यांना प्रशिक्षण देणार?

याहून गंभीर प्रकार २०२५ मध्ये उघडकीस आला. अलीकडच्या दोन योजनांतून बाहेरील भिंतींवर आवरण बसवलेल्या घरांपैकी तब्बल ९८ टक्के घरांत दुरुस्ती करावी लागणारे दोष असल्याचा अंदाज तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मांडला. ही संख्या बावीस-तेवीस हजार घरांच्या घरात जाते. आवरण नीट बसले नाही की ओल आत अडकते, भिंतींना बुरशी धरते. ज्यांचे बिल कमी व्हावे म्हणून काम केले, त्यांच्याच घरात ओल शिरावी, हा दैवदुर्विलासच. योजना आखणाऱ्यांनी पैशाची सोय केली. कामावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी मात्र इतक्या संस्थांत वाटली गेली, की दोष वेळीच कोणाच्या नजरेस आले नाहीत.

ज्यांची मुले-नातलग तेथे घर घेत आहेत, त्यांनी क्रम ध्यानात ठेवलेला बरा. आधी माळ्यावरचे आवरण व दारे-खिडक्यांच्या फटी, मग हीट पंप. प्रत्येक खोलीतून किती उष्णता निसटते, याचा हिशेब व्यावसायिकाने करणे अपेक्षित असते. सही करण्यापूर्वी त्याची प्रत मागून घ्यावी. हीट पंप बसवण्यावरील मूल्यवर्धित कराची माफी मार्च २०२७ अखेरपर्यंत आहे.