हलक्या पारड्यातले लढवय्ये
मिश्र मार्शल आर्ट्समधील धक्कादायक निकाल आणि त्यांची ओढ

आज जगभर पाहिल्या जाणाऱ्या मिश्र मार्शल आर्ट्स, अर्थात एमएमए या खेळाची सुरुवातच एका धक्कादायक निकालाने झाली. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर शहरात ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’ची, म्हणजे यूएफसीची पहिली स्पर्धा भरली. आठ स्पर्धक, बाद पद्धत आणि सगळे सामने एकाच रात्री. वजनगट नव्हते आणि गुण देणारे पंचही नव्हते. मुष्टियोद्धा, किकबॉक्सर आणि एक धिप्पाड सुमो मल्ल अशा मंडळींत ब्राझीलचा रॉइस ग्रेसी अंगाने सर्वांत साधा दिसत होता. त्याचे वजन जेमतेम ८० किलोच्या घरात होते. त्याने तीन प्रतिस्पर्ध्यांना ओळीने हार मान्य करायला लावली. त्यांत त्याच्यापेक्षा कितीतरी वजनदार असलेला केन शॅमरॉकही होता. रॉइसची विद्या ब्राझिलियन जिउ-जित्सू, आणि ती सिद्ध करण्यासाठी ग्रेसी घराण्याने मुद्दामच सडपातळ रॉइसला उतरवले होते. ताकदीपुढे तंत्र टिकते, हे पटवून द्यायला दुबळा दिसणारा माणूसच हवा होता.

भाव आणि शक्यता

एखादा खेळाडू ‘दुय्यम’ आहे, हे प्रामुख्याने पैजेच्या भावावरून ठरते. एका रुपयावर सात रुपये नफा, असा भाव असेल तर त्या खेळाडूची जिंकण्याची शक्यता साधारण आठात एक धरलेली असते. पैज घेणाऱ्याचा नफा भावातच मिसळलेला असल्यामुळे खरी शक्यता याहून थोडी कमी असते. एका लढतीपुरती ही शक्यता नगण्य वाटते. पण अशा दहा लढती झाल्या, तर त्यांतल्या किमान एकीत दुय्यम खेळाडू जिंकण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के, म्हणजे जवळपास चारात तीन भरते. यूएफसीच्या वर्षभरात शेकडो लढती होतात. त्यामुळे कोणता निकाल उलटा लागेल हे सांगता येत नसले, तरी काही निकाल उलटे लागणार हे ठरलेलेच असते.

खेळाच्या रचनेतली कारणे

मुष्टियुद्धापेक्षा एमएमएमध्ये अंदाज चुकण्याला अधिक वाव आहे. व्यावसायिक मुष्टियुद्धात साधारणपणे ८ किंवा १० औंसांचे हातमोजे असतात, इथे ते ४ औंसांच्या आसपास असतात. अस्तर पातळ, बोटे मोकळी. हात, पाय, कोपर, गुडघा यांपैकी कशाचाही एक नेमका फटका लढत संपवू शकतो. बॉक्सिंगच्या विजेतेपदासाठी बारा फेऱ्या होतात, इथे पाच मिनिटांच्या पाचच होतात. शिवाय अव्वल खेळाडू वर्षाला दोन-तीन वेळाच उतरतो, त्यामुळे एका वाईट रात्रीची भरपाई करायला त्याला महिनोन्महिने थांबावे लागते.

याहून महत्त्वाचे कारण म्हणजे विद्यांचा मेळ. मराठी वाचकाला कुस्तीच्या उलट नियमावरून हे चटकन उमगेल. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो, तर जिउ-जित्सूत पाठीवर पडलेला माणूस हल्ल्याच्या पवित्र्यात असू शकतो. २६ जून २०१० रोजी सॅन होजे इथे रशियाच्या फेदोर इमेलियानेंकोने सुरुवातीलाच ब्राझीलच्या फाब्रिसियो वेर्दुमला खाली पाडले. फेदोर जवळजवळ दहा वर्षे अजिंक्य मानला जात होता. लढत संपवण्यासाठी तो वेर्दुमवर झेपावला, आणि जिउ-जित्सूचा विश्वविजेता असलेल्या वेर्दुमने त्याची मान व हात पायांच्या पकडीत आवळला. ६९ सेकंदांत फेदोरला हार मान्य करावी लागली. बलवान खेळाडू आपल्या हाताने दुसऱ्याच्या घरात शिरला होता.

रोंडा राउझीच्या बाबतीत गणित उलटे होते. २००८च्या ऑलिंपिकमधील ज्युदोची ही कांस्यपदकविजेती प्रतिस्पर्धी हाती लागली की हात मोडण्याचा डाव टाकी. मेलबर्नमध्ये नोव्हेंबर २०१५ मध्ये ५६ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर हॉली होल्मने तिला हाती लागूच दिले नाही. मुष्टियुद्धातली ही माजी विश्वविजेती सतत कडेने सरकत राहिली, धावून येणाऱ्या राउझीला सरळ ठोसे देत राहिली, आणि दुसऱ्या फेरीत डाव्या पायाची लाथ मानेवर बसवून तिने लढत संपवली. बाराच्या बारा लढती जिंकलेल्या राउझीचा हा पहिला पराभव.

छप्पन्न सेकंद

अशा निकालांचा सर्वांत ठसठशीत नमुना २० ऑगस्ट २०२२ रोजी सॉल्ट लेक सिटीत दिसला. नायजेरियात जन्मलेला कमारू उस्मान यूएफसीत सलग १५ लढती जिंकला होता. आणखी एक विजय मिळाला असता, तर अँडरसन सिल्वाच्या सलग १६ विजयांच्या विक्रमाशी त्याची बरोबरी झाली असती. समोर लिऑन एडवर्ड्स होता. जमैकात जन्मलेला, नऊ वर्षांचा असताना इंग्लंडमधील बर्मिंगहॅमला आलेला, किशोरवयात वडिलांच्या खुनाचा आघात सोसलेला. २०१५ मध्ये उस्मानकडूनच तो हरला होता.

पहिली फेरी एडवर्ड्सने घेतली. पुढच्या तीन फेऱ्यांत उस्मानने त्याला पिंजऱ्याच्या जाळीला दाबून, खाली आणून पुरता दमवले. चार फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या कागदावर उस्मान ३९-३७ असा पुढे होता. पाचव्या फेरीत छप्पन्न सेकंद उरले असताना एडवर्ड्सने डाव्या हाताच्या ठोशाची हूल दिली. उस्मानचे डोके बाजूला झुकले, आणि नेमके तिथेच एडवर्ड्सचा डावा पाय येऊन आदळला. उस्मान जागीच कोसळला. ही लाथ दैवाने लागलेली नव्हती. हूल देऊन डोके हव्या त्या जागी आणणे हे घोटवलेले तंत्र आहे. थकलेल्या अंगाने, हरत असताना, ते बिनचूक वापरणे हीच त्या रात्रीची थोर गोष्ट.

प्रेक्षकाचा कौल

दुय्यम खेळाडूकडे मन का झुकते, याचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांनी केला आहे. फ्रेझियर आणि स्नायडर यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांपुढे सात सामन्यांची काल्पनिक मालिका ठेवली. एक संघ बलाढ्य, दुसरा कमजोर. बहुसंख्यांनी कमजोर संघाची बाजू घेतली. मात्र त्याने पहिले तीन सामने जिंकले असे सांगताच, त्यांतल्या अनेकांनी आपली सहानुभूती बलाढ्य, पण आता मागे पडलेल्या संघाकडे वळवली. म्हणजे ओढ त्या संघाची नव्हती, त्याच्या परिस्थितीची होती. व्हँडेलो आणि सहकाऱ्यांच्या २००७च्या संशोधनात आणखी दोन गोष्टी दिसल्या. दुय्यम मानलेला संघ जास्त जीव तोडून खेळतो, असे प्रेक्षकांना वाटते. पण त्याच संघाकडे पैसा जास्त आहे असे कळले, की सहानुभूती ओसरते. प्रेक्षक कमजोरीची बाजू घेत नसतो, तो अन्यायाला विरोध करत असतो.

एमएमएमध्ये ही भावना अधिक तीव्र होते, कारण इथे संघाच्या आडोशाला कोणी नसते. पिंजऱ्यात दोनच माणसे असतात आणि दमछाक, भीती, जिद्द सगळे उघड्यावर असते.

योगायोग की कुवत

उलटा निकाल योगायोगाचा होता की कुवतीचा, याची बरी कसोटी म्हणजे फेरलढत. तिचा कौल दोन्हीकडे जातो. ७ एप्रिल २००७ रोजी ह्यूस्टनमध्ये बुटक्या, जिउ-जित्सूत मुरलेल्या मॅट सेराने ठोशांच्या जोरावर कॅनडाच्या जॉर्ज सेंट-पिएरला पहिल्याच फेरीत पाडले. वर्षभराने मॉन्ट्रियलमध्ये सेंट-पिएरने विजेतेपद परत मिळवले. ज्युलियाना पेन्याने डिसेंबर २०२१ मध्ये अमांडा नुनेसला हरवले, पण जुलै २०२२ मध्ये नुनेसने विजेतेपदाचा पट्टा परत नेला. उलट, २०१३ मध्ये सिल्वाला बेशुद्ध करणाऱ्या ख्रिस वाइडमनने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा विजय मिळवला. टी. जे. डिलाशॉने २०१४ मध्ये रेनान बराओला हरवले आणि पुढच्या वर्षी पुन्हा हरवले. एडवर्ड्सनेही मार्च २०२३ मध्ये लंडनला उस्मानवर मात केली. या तिघांच्या बाबतीत पहिल्या वेळचा भावच चुकला होता. खेळाडू आधीच मोठा झाला होता, लोकांना ते उशिरा कळले.

हरणाऱ्याचीही यात बाजू आहे. सेराकडून हरल्यानंतर सेंट-पिएर एकही लढत हरला नाही. पुढच्या तेराही लढती त्याने जिंकल्या. त्या रात्रीने सेराला इतिहासात जागा दिली आणि सेंट-पिएरला अधिक सावध, अधिक परिपूर्ण केले. दुय्यम खेळाडूच्या विजयाची किंमत शेवटी समोरच्याच्या थोरवीवरच ठरते. दोघांनाही मान देणारा प्रेक्षकच या निकालांचा पुरता आनंद घेऊ शकतो.