भाताचें बी व मिठाच्या पाण्याचें माप

भाताचें बी मिठाच्या पाण्यांत निवडून पेरावें, हें पनवेलकडील शेतकऱ्यांस ठाऊक आहे; परंतु मीठ मुठीनें टाकण्याची चाल सुटत नाहीं. आमची हयात महसुली दप्तरांत गेली. मोजणींतील अल्प चूक बांधावर केवढा तंटा उभा करते, हें आम्हीं पाहिलें आहे. येथेंही तोच न्याय.

द्रावण शेंकडा ३ चें हवें, म्हणजे १० लिटर द्रावणास ३०० ग्रॅम मीठ. कोरडें मीठ तोलून घ्यावें, थोड्या पाण्यांत पुरतें विरघळवावें, मग १० लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरावें. खूण पाहतांना डोळा पाण्याच्या पातळीशीं आणावा. पाणी गोडें असावें. खाडीकांठचें मचूळ पाणी हिशेब बिघडवितें. मीठ कमी पडल्यास पोंचट दाणे तळाशीं राहतात. अधिक झाल्यास चांगलेही तरंगून फुकट जातात.

तरंगलेलें बी काढून टाकावें. तळाचें बी गोड्या पाण्यानें दोनतीनदां धुऊन सावलींत वाळवावें. अंगचें मीठ न गेल्यास उगवण खुंटते.

एका वर्षीं आम्हीं मुठीवर विसंबलों. राब विरळ उगवला, व लावणीस रोप उसनें आणावें लागलें. तेव्हांपासून तागडी आमच्या कणगीशेजारींच असते.